वेल्सचा समुद्र राहिला

लग्नाआधी नवऱ्याने ऑनसाइट कामासाठी सहा महिने वेल्समध्ये काढले होते. तिथल्या किनाऱ्याचं वेड त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. कड्यावरची पायवाट, पार टोकापर्यंत चरणाऱ्या मेंढ्या, खाली खडकांवर लोळणारे सील, समोरून येणारा अनोळखी माणूसही थांबून हवापाण्याचं बोलणार. मग पावसात चिंब भिजून गावातल्या एखाद्या टी-रूममध्ये शिरायचं आणि बेदाण्याच्या पावाला लोणी फासून चहा प्यायचा. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की तो पाव मीच खाल्लाय असं वाटतं.

"इथे समुद्र काय कमी पडलाय का?" मी चिडवायचे. परदेशातल्या आमच्या या उपनगरातून, ग्लेन वेव्हर्लीहून, गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात बीच.

"हा बघून डोळे दिपतात गं," तो म्हणायचा. "तो बघून निवतात. तुला एकदा दाखवायचाय."

दाखवणार कधी? वर्षाला चार आठवडे रजा. दोन पुण्याला जाण्यात संपायचे, उरलेले दोन 'फोनसाठी'. इथल्या आपल्या लोकांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हातारे आईवडील तिकडे; फोन आला तर रजा हाताशी हवी. एकदा मी हट्टाने वेल्सची तिकिटं काढली. नेमका सासूबाईंना ताप आला आणि त्याने ती रद्द केली. आठवड्यात त्या उठून पुरणपोळ्या लाटत होत्या. सासऱ्यांना ते फार लागलं. दर रविवारी फोनवर बजावायचे, "आमच्यापायी अडकू नका रे." हा आपला "हो बाबा" म्हणायचा आणि रजेला हात लावायचा नाही. मी भांडायचे. मग कंटाळून भांडणंही सोडलं. त्याचा मला अजून राग येतो, स्वतःचाच.

मागच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, तो ऑफिसात खुर्चीतच कोसळला. वय बावन्न. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुण्याला फोन मलाच करायचा होता. तिकडे सकाळ होती. रविवार सोडून आमचा फोन आलेला बघून सासऱ्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही.

"अगं, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आता आमचं निमित्त नको. त्याला म्हणावं, काढ ती वेल्सची तिकिटं, आणि बायकोला घेऊन जा."

मी म्हटलं, "बाबा, आधी खाली बसा."