नाक्यावर कापलेला भोपळा

नाताळच्या सुट्टीसाठी बाबा मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून नळदुर्गला घरी नेत होते... आणि आमची सर्व्हिस मोटार करोडगिरीच्या नाक्यावर अडली. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. इंग्रजांच्या हद्दीतून येणारं सगळं सामान तिथं जकातीसाठी उतरवून तपासायचे.

आमच्याबरोबर चाँदचाचा होते. नळदुर्गात तंबोरे, सतारी बनवायचे आणि दुरुस्त करायचे... बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. माझ्या आत्याच्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला होता आणि तेव्हापासून तिनं गाणंच सोडलं होतं. तिच्या तंबोऱ्याला साजेल असा भोपळा चाचांना खूप शोधल्यावर मंगळवेढ्याकडं मिळाला होता.

नाक्यावरच्या जमादारानं तो उचलून कानाशी हलवला... आत खडखड वाजलं.

"क्या है रे अंदर?"

"बिया हायेत साहेब. वाळल्या की वाजत्यात."

"बिया? इत्ता आवाज?"

मोटारीतली माणसं मागं सरकली. "काडतुसं असतील गं बाई, इकडं सरक," शेजारची म्हातारी माझा फ्रॉक ओढत पुटपुटली. त्या दिवसांत कोण कुणाचा माणूस, काही कळायचं नाही... एका गल्लीतली माणसंही आवाज खाली आणून बोलायची.

जमादार संगिनीनं भोपळा फोडायला निघाला. तेवढ्यात बाबा चाचांच्या कानाशी वाकले. मी दोघांच्या मधेच उभी होते, मला ऐकू आलं.

"चाँद, खरं सांग... आत दुसरं काही न्हाय ना?"

चाचांनी बाबांकडं नुसतं पाहिलं. मग जमादाराला म्हणाले, "फोडू नका साहेब. तुमच्यासमोर मीच कापतो."

तंबोऱ्यासाठी वाळलेला भोपळा चांगला भिजवून मगच कापतात, नाहीतर तडा जातो. इथं तेवढी सवड कुठली... चाचांनी डोक्याचा रुमाल नाक्यावरच्या पाण्याच्या रांजणात बुडवला, भोपळ्याला गुंडाळला आणि तसेच कवटाळून बसले. ड्रायव्हर वैतागला. "चाँदभाई, अंडी उबवताय व्हय?"

बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतून बारीक करवत काढली. ओल्या रुमालाच्या कडेकडेनं, अगदी हळू... एकदा कर्रर्र आवाज आला आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा चकती अलगद निघाली होती. भोपळ्याला तडा नव्हता! आत पांढरा सुकलेला गर आणि बिया... बाकी काही नाही.

जमादारानं आत हात घालून चाचपलं आणि मूठभर बिया स्वतःच्या खिशात टाकल्या. "घर में लगाता."

"लावा की! पर कडू जात हाय साहेब, भाजी करू नका."

सगळी मोटार हसली... बाबा सोडून.

मोटार सुटल्यावर बाबांनी भोपळ्यासाठी हात पुढं केले. चाचांनी तो लगेच दिला नाही. खिडकीबाहेर बघत राहिले... नाका कधीच मागं पडला होता. मग त्यांनी भोपळा बाबांच्या मांडीवर ठेवला. "कडा दाबू नकोस," एवढंच म्हणाले.

आत्या पुढं त्याच तंबोऱ्यावर खूप वर्षं गायली... आणि ऐकायला हे दोघं शेजारी बसलेले असायचे. त्या काळात संशय कुणालाही शिवायचा, माझ्या भल्या बाबांनाही शिवला. पण ज्याच्यावर संशय घेतला, त्यानंच पुन्हा आपल्यावर विश्वास टाकावा, हे भाग्य प्रत्येकाला मिळत नाही. बाबांना ते मिळालं, चाँदचाचा... तुमच्यामुळं.