दुपारची बायकांची बॅच

गयाबाईंनी आख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत काढली, औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत, तीही उभ्याने. रिटायर झाल्या आणि गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवर बसलं की उठायला दोन माणसं लागायची. डॉक्टर म्हणाले, "आजी, पाण्यात चालत जा. तिथे गुडघ्यावर भार येत नाही." ही गोष्ट त्यांच्या बुवापाड्यातल्या चाळीत कळली तशा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

सून स्वप्नाली मात्र म्हणाली, "आई, त्या पोहण्याच्या उघड्या तलावावर दुपारी फक्त बायकांची बॅच असते. मी येते ना सोबत."

साडीवर पाण्यात सोडत नाहीत, म्हणून दोघी उल्हासनगरच्या बाजारात गेल्या. सिंधी दुकानदाराने विचारलं, "किसके लिए, माई? पोती के लिए?"

"मेरेकू," गयाबाई म्हणाल्या.

तो जरा गोंधळला. मग त्याने वरच्या फळीवरून पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा काळा पोशाख काढून दिला. "ये लो. इसमें शरम की बात नहीं."

पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. तलावाचं पाणी वर कोमट आणि खाली गार लागत होतं. गयाबाई पायऱ्यांवरच अडल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत पाटलाच्या आळीतली पोरं सूर मारायची. गयाबाईंच्या वस्तीतल्यांना काठाशीही जाऊ देत नसत. छातीएवढ्या पाण्यात त्या जन्मात पहिल्यांदाच उतरत होत्या. उतरल्या त्या कडेची दांडी घट्ट धरूनच. शिकवणाऱ्या मायामॅडम रोज म्हणायच्या, "आजी, हात सोडा." गयाबाई म्हणायच्या, "उद्या." दांडी धरून त्या इकडून तिकडे चालायच्या, मॅडम दाखवतील तसे जागच्या जागी हातपाय मारायच्या, आणि तेवढ्यानेसुद्धा पाय मोकळे व्हायला लागले.

दसरा झाला आणि तलाव सांभाळणारे किसनराव म्हणाले, "चारच बायका येता तुम्ही. सोमवारपासून ही बॅच बंद."

मायामॅडमचा चेहरा पडला. गयाबाईंनी एवढंच विचारलं, "किती पाहिजेत?"

"दहा तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या चाळीत घरोघर फिरल्या. कुणाला शरम वाटत होती, कुणाला पाण्याची भीती, कुणाला सासूची. शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या, "या वयात काय ही थेरं, गया!"

गयाबाईंनी पुतळाबाईंच्या दारातच फतकल मारली आणि कशालाही हात न लावता उभ्या राहिल्या. एका दमात नव्हे, थोडं हेलपाटत. पण उठल्या. पुतळाबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तो काळा ड्रेस कुठे मिळतो गं?"

सोमवारी गयाबाईंच्या मागे बायकांची रांग फाटकातून आत शिरली. किसनरावांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "चला, आत व्हा," ते म्हणाले.

पण नवे कपडे घालून पाण्याशी आल्यावर सगळ्या गारठल्यासारख्या उभ्या राहिल्या. कुणी पाऊल टाकेना. सगळ्यांची नजर गयाबाईंवर. आणि गयाबाई दांडीला लटकलेल्या! आता हात सोडला नाही तर या सगळ्या आल्या वाटेने परत जातील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी श्वास भरला आणि भिंतीला पाय लावून अंग पुढे लोटलं.

डोकं पाण्याखाली गेलं. नाकात पाणी शिरलं. मायामॅडम जवळ सरकल्या, पण त्यांनी हात लावला नाही. गयाबाईंनी शिकवल्याप्रमाणे पाय मारले, हात फेकले, तशी पाण्याने त्यांना अलगद वर घेतलं. वेडेवाकडे हात मारत त्या उथळ बाजूच्या पलीकडच्या कडेला लागल्या आणि खोकत खोकत ओरडल्या, "या गं! बुडत नाही कुणी!"

पहिल्या पुतळाबाई उतरल्या. मग बाकीच्या, एकमेकींचे हात धरून, किंचाळत.

बॅच चालू राहिली. दिवाळीत चार दिवस सुट्टी होती, तर बायका कुरकुरल्या. आता नवी कुणी दांडी धरून बसली की मायामॅडम तिला आधी गयाबाईंच्या हवाली करतात. गयाबाई तिला घाई करत नाहीत. शेजारी उभ्या राहून घरच्या गप्पा मारतात आणि तिचं लक्ष नाही असं बघून हळूच तिचं एकेक बोट सोडवतात.