पायथ्याच्या विटा

शेजारच्या सुमनकाकूंच्या पलंगाच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावलेल्या दिसल्या आणि मला राहवेना.

"काकू, हे काय?"

त्यांनी आधी दार लोटलं. "अंग बाहेर येतं गं. दिवसभर ओटीपोटात ओढल्यासारखं होतं, आडवं झालं की बरं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय खाली सरकलंय, पायथा उंच करून झोपा, व्यायाम करा, जड अजिबात उचलू नका."

इतकी वर्षं त्या सगळ्यांना "कंबर धरलीय" एवढंच सांगत होत्या. आम्हा बायकांच्या कंबरदुखीआड काय काय दडलेलं असतं, कोण जाणे! घरातल्या कुणाला तिरका पलंगही दिसला नसेल?

"विटा कुणी आणून दिल्या?"

"मीच आणल्या, परसातून," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याला सांगितलं असतं, तर कशाला हव्यात म्हणून विचारलं असतं ना."