शुद्ध पाणी

माझा थोरला भाऊ श्रीपतराव, आमचा अण्णा, याला आयुष्यात कोणाला काही विचारावं लागलं नाही. न विचारताच त्याला सगळं येत होतं आणि न विचारताच त्यानं सगळं बिघडवलं. मी त्याची सख्खी बहीण शकुंतला. परक्यानं हे लिहिलं असतं तर मला राग आला असता, म्हणून मीच लिहिते.

आमचं माहेर खटकचिंचोळीचं. शेत बरं होतं, खाऊनपिऊन सुखी घर. अण्णा उर्दूच्या चार इयत्ता शिकला आणि तेवढ्यावर गावातले अर्ज लिहिणारा, घड्याळं उघडणारा, अडकलेली कुलपं काढणारा होऊन बसला. त्यानं उघडलेलं घड्याळ परत चालल्याचं मला आठवत नाही. पण बोलायचा असा, की घड्याळाच्या मालकालाच आपलं काही चुकलं असं वाटावं.

जर्मनची लढाई संपली त्या वर्षी त्यानं हैदराबादेहून रेडिओ आणला. गावात वीज नव्हती, मोटारीला असते तसली बॅटरी जोडायची होती. एक तार आंब्यापासून माळवदापर्यंत ताणायची आणि दुसरी ओल्या जमिनीत पुरायची. अंगणात बारा महिने ओली राहणारी जागा एकच, तुळशीची. अण्णानं तार तिच्या मुळाशी खोवली. आमची आई चंद्रभागाबाई तारेला धक्का नको म्हणून तुळशीला कडेकडेनं पाणी घालू लागली.

आईचं ऐकणं वेगळं होतं. माझ्या आजोबांनी काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू देवघरात होता. तोंड लाखेनं बंद केलेलं, गळ्याशी जरा उणा. तो तिनं आपल्या शेवटच्या घोटासाठी राखला होता. दर एकादशीला ती गडू कानाशी धरून हलवायची, आत पाणी डुचमळलं की "हाय" म्हणायची आणि परत जागेवर ठेवायची.

बॅटरी भरायला अण्णा भालकीला यायचा. माझं सासर तिथलंच, घरामागं डाळीची गिरणी. गिरणीच्या इंजिनावर गुरुशांतप्पा बॅटऱ्या भरून द्यायचा. मी भिंतीअलीकडे डाळ निवडत बसलेली, त्यामुळं त्यांचं बोलणं कानावर आलं.

"श्रीपतराव, आतलं पाणी आटलं तर हिरीचं घालू नका. शुद्ध पाणी घाला."

"मला शिकवायलास व्हय?"

"न्हाई हो. शुद्ध म्हंजे कसलं, ते सांगतो..."

"शुद्ध म्हंजे काय ते मला सांगू नगंस. आमच्या घरात चार पिढ्यांची पूजा हाय."

गुरुशांतप्पा परत इंजिनाकडं वळला. वाफ धरून केलेलं पाणी त्याच्या फळीवर बाटल्यांत भरलेलं होतं. अण्णानं हात पुढं केला असता तर एक बाटली मिळाली असती.

दसऱ्याला अण्णानं सगळ्या गल्लीला रेडिओ ऐकायला बोलावलं. तहसीलचा पेशकारही येणार होता. सतरंज्या पडल्या, पानं लागली. रेडिओ खरखरला, अर्धं गाणं म्हणाला आणि बसला. अण्णा तारा ओढत राहिला. शेजारचे हावगेप्पा उठले आणि म्हणाले, "पेटीला झोप आली. चला, आपल्याला तर जेवायचंय."

पंधरा दिवसांनी बॅटरी परत भालकीला आली. गुरुशांतप्पानं टोपणं उघडून आत पाहिलं.

"पाट्या गेल्या हिच्या. कुठलं पाणी घातलात?"

"काशीचं," अण्णा म्हणाला. सांगताना त्याला अभिमान वाटत होता.

"तांब्याच्या भांड्यातलं?"

"मग काय मडक्यातलं?"

"श्रीपतराव, बॅटरी भरायची होती. तुम्ही मोक्षच देऊन आणलात तिला."

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं. मी भिंतीला वळसा घालून गेले.

"अण्णा, आईचा गडू?"

"ठेवलाय की जागेवर. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच भरला. लाखबी लावली. पयल्यापरीस जास्त, काठोकाठ."

"कशानं भरलास?"

"हिरीच्या पाण्यानं. तिला कुठं कळायलंय?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी असते, एवढंही त्याच्या ध्यानात नव्हतं. आणि काठोकाठ भरलेला गडू हलवला तरी वाजत नाही, हे त्या सर्वज्ञाला ठाऊक नव्हतं. मी माहेरी गेले तेव्हा आईनं एकच विचारलं, "शकू, गडू मुका कामून झाला गं?" माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वाती वळत राहिली. अण्णाला एक शब्द बोलली नाही. त्यावर तो मला म्हणाला, "बघ, कळलं न्हाई तिला."

माघात आई अंथरुणाला खिळली. एके दिवशी सकाळी तिचा श्वास लागला तशी माणसं गोळा झाली. अण्णा सोवळं नेसून गडू घेऊन आला. सगळ्यांच्या देखत त्यानं लाख फोडली आणि गंभीर चेहरा करून पळी भरली.

"आई, तोंड उघड. गंगा हाय."

आईनं ओठ मिटले. मग माझ्याकडं पाहिलं. "शकू, हिरीचं ताजं आण. तू घाल."

अण्णाची पळी हवेतच राहिली. पोरानं घालायचं पाणी पोरगी घालणार, तेही एवढ्या लोकांसमोर. तो घाईघाईनं बोलून गेला, "अगं, ह्यातबी हिरीचंच हाय की!"

हावगेप्पांनी मान खाली घातली.

मी विहिरीवर गेले, कळशी भरली. आंघोळीच्या वेळी आपण घरच्या पाण्यात गंगेला बोलावतो, तसं मनातल्या मनात तिला बोलावलं. त्या तारेजवळच्या तुळशीचं एक पान पाण्यात टाकलं. आईनं दोन पळ्या घेतल्या. तिसरी ओठांवरून खाली आली.

रेडिओवर आता झालर लावलेलं कापड आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णा सांगतो की बॅटरीच मुळात वाईट निघाली, पाणी त्यानं शुद्धच घातलं होतं.