अन्वरभाईनं काढलेला हार

अन्वर शेखला चाकणच्या त्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये सगळे भाई म्हणायचे, आणि खंडेनवमीला मोठ्या प्रेसची पूजा त्याच्याच हातून व्हायची. ज्याची मशीन त्याची पूजा, हा शॉपचा रिवाज. बार्शीकडून आलेल्या, ठेकेदाराच्या पटावरच्या या माणसानं गाड्यांचे पत्रे दाबता दाबता त्या प्रेसवरच केस पांढरे केले. हळद-कुंकू लावायचा, नारळ फोडायचा, वर सुपरवायझर दौलतरावांना चिडवायचा, "साहेब, पेढे यंदा पण मोजूनच आणलेत का?" यात कुणाला काही खुपलं नाही. खुपायला आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

गेल्या खंडेनवमीला शेजारच्या प्रेसवरच्या नवनाथनं झेंडूचा लांबलचक हार आणला आणि प्रेसच्या तोंडावर आडवा बांधला. आता या प्रेसच्या तोंडापुढं न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा असतो. त्यात हात आला की प्रेस जागीच थांबते. सेन्सर म्हणतात. त्याला हात काय नि झेंडू काय. पूजा झाली, बटण दाबलं, प्रेस हलेना.

नवनाथ मोबाईलवर शूटिंग करत होता. अन्वरभाई हसला, "देवी पावली रे, सेन्सर पावंना!" त्यानं हार ओढून काढला, कपाळाला लावला, वरच्या खिळ्याला अडकवला. प्रेस चालू. टाळ्या. नवनाथनं ते स्टेटसला टाकलं, कौतुकानं.

संध्याकाळपर्यंत त्याची कापलेली क्लिप फिरायला लागली. आवाज नाही, कपाळाला लावणं नाही. नुसता दाढीवाला माणूस हार ओढतोय. खाली लिहिलेलं, 'आपल्याच कंपनीत आपल्या देवीचा अपमान.' कुणी कापली, मला आजवर कळलेलं नाही. निगडीपासून चाकणपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली. ज्यांनी जन्मात प्रेस पाहिली नाही त्यांच्या भावना सगळ्यात जास्त दुखावल्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून अन्वरभाई गेटवर आला, हजेरीच्या मशीनपुढं चेहरा धरला. लाल दिवा. चष्मा पुसला, परत धरला. लाल. सिक्युरिटीवाला खाली बघत म्हणाला, "भाई, ठेकेदारानं नाव काढलंय." इतक्या वर्षांचा निरोप एका दिव्यानं दिला. तोंडावर सांगायची हिंमत एकाचीही नव्हती.

तो माझ्याकडं युनियनच्या ऑफिसात आला. मी त्याला घेऊन तडक नवनाथच्या खोलीवर.

"पूर्ण व्हिडिओ दे. आवाजासकट. मॅनेजरच्या टेबलावर वाजवतो. भाईची नोकरी परत मिळंल."

"मोबाईल फॉरमॅट झाला हो भाऊ," नवनाथ कान खाजवत म्हणाला.

"तोंड नाही ना फॉरमॅट झालं? साक्ष दे."

आतून त्याची बायको वर्षाली बाहेर आली. "आमच्या दारात पण माणसं येऊन गेलीत. तुमी भाषण करून जाल, आमाला इथंच राहायचंय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात अन्वरभाईनं माझा दंड धरला. "चला राव. वहिनीवर कशाला ओरडता?"

मग शॉपमध्ये काही कार्यकर्ते आले. हार खिळ्याला नको, समोरच पाहिजे, असं मॅनेजरला सांगून गेले. नवा हार तोंडावर आडवा बांधला गेला. तो काढायची छाती कुणाची? आणि हार असताना प्रेस चालेना. तेव्हा दौलतरावांनी इलेक्ट्रिशियन बोलावून सेन्सरच बंद करून टाकला. प्रोडक्शनही वाढलं. मॅनेजमेंटला दोन्हीकडून पुण्य!

त्या प्रेसवर नवनाथला बसवलं होतं. फुलं सुकून काळी पडली तरी कुणी हात लावेना. थंडीत, ओव्हरटाइमला, पत्रा आत तिरका अडकला. नवनाथनं सरळ करायला हात घातला. प्रेस थांबली नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

हॉस्पिटलात कंपनीचं कुणी यायच्या आधी अन्वरभाई पोचला होता. मी गेलो तेव्हा नवनाथ रडत होता. "भाई, व्हिडिओ आहे. कुठं गेला नव्हता."

"माहितेय. खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

"टाक आत्ताच्या आत्ता," मी म्हणालो. त्यानं डाव्या हातानं ग्रुपवर टाकला. कापलेला गावभर फिरला होता, अख्खा कुणी पुढं पाठवला नाही. एकानं तेवढं खाली लिहिलं, 'हा एडिट केलेला वाटतो.' ठेकेदार म्हणाला, प्रकरण जुनं झालं.

अन्वरभाई आता आकुर्डीत कोंडाजीच्या गॅरेजवर पंक्चर काढतो. यंदा खंडेनवमीला कोंडाजीनं हवेचा कॉम्प्रेसर धुऊन-पुसून ठेवला, हार पुढं केला. "घाला भाई. तुमची मशीन."

अन्वरभाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "तुम्हीच घाला, मालक."

रस्त्यापलीकडं कुणीतरी मोबाईल वर धरून स्वतःचाच फोटो काढत होता. अन्वरभाई शटरच्या आड सरकला. कोंडाजीनं घातलेला हार कॉम्प्रेसरच्या चाकावरच्या पट्ट्याजवळ लोंबत होता. भाईचा हात अर्धा वर आला, परत खाली गेला.

"मालक, पट्ट्यात जाईल," तो आडूनच म्हणाला, "जरा वर घ्या."