अमावास्येचा दर्भ

श्रावणातल्या अमावास्येला काढलेला दर्भ वर्षभर पूजेला चालतो, म्हणून एक सोवळेबाज दरवर्षी कळव्याच्या खाडीकाठी यायचा. मी त्याला बसस्टॉपवरून पाहायचो. हा रस्त्यावर उभा आणि खाली चिखलात गावातली एक म्हातारी. "मुळासकट हवा," असा वरून हुकूम.

यंदा तिनं जुडी थेट त्याच्या हातात द्यायला धरली, तर तो मागे सरकला. "खाली ठेव. तुझा हात लागला की विटाळ होतो."

"मंग उपटला कोनी?" म्हणत तिनं जुडी चिखलात फेकली. "उतर, तुज्या हातानं काढ."

त्यानं चिखलाकडे पाहिलं, आपल्या इस्त्रीच्या धोतराकडे पाहिलं आणि ठाण्याच्या बाजारात जायला रिक्षा थांबवली. तिथला दर्भ कोणी उपटला, हे त्याला कोणी सांगणार नव्हतं.