डावीकडचे पॅड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. डोंबिवलीत मानपाडा रोडला एकोणतीस वर्षं मोटरसायकलचं गॅरेज चालवलं. गाडी आपोआप चालू होते, हॉर्न आपोआप वाजतो असं सांगणारी गिऱ्हाइकं पुष्कळ यायची, आणि दर वेळी कुठेतरी घासलेली वायर निघायची. ज्याला पाना लागत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आता वय चौऱ्याहत्तर. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचत असतो, पण स्वतः लिहीन असं वाटलं नव्हतं... कुणी लिहायला लावलं ते शेवटी सांगतो.

माझी नात सायली कोलशेतला राहते, खाडीकडच्या एका टॉवरमध्ये. मागच्या वर्षी तिने सेकंडहँड स्पोर्ट टूरर घेतली — लांबच्या प्रवासाची मोठी गाडी, पुढच्या चाकाला दोन डिस्क. यंदा थंडीत मैत्रिणीला मागे बसवून गोव्याला जायचं ठरलं, आणि पुढचे ब्रेक पॅड संपत आलेले.

"आबा, नेटवर सगळे सिंटर्ड घ्या म्हणतायत."

"नेटला जायचंय का गोव्याला?"

"नीट सांग ना रे."

मग नीट सांगितलं. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज कमी, शहरात चांगले. पण दोन माणसं, सामान आणि घाट म्हटलं की लांब उतारावर ते तापतात आणि पकड ढिली पडते. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले. तापले तरी धरून ठेवतात. डिस्क थोडी जास्त खातात, खाऊ देत.

"आणि सेट दोन घ्यायचे," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच जातीचे. एक बाजू नवी, एक जुनी असं कधी..."

"कधी काय?"

"कधी करायचं नाही."

ती पुढे काही विचारेल म्हणून मी पाणी प्यायला उठलो.

ठाण्यातल्या एका दुकानातून तिने सीलबंद दोन सेट आणले. शनिवारी दुपारी तिच्या बिल्डिंगच्या तळघरात, खालच्या पार्किंगमध्ये, आम्ही काम काढलं. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललं. उजवी बाजू अर्ध्या तासात झाली. काढलेल्या जुन्या पॅडच्या मागच्या पत्र्यावर मी सवयीने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं — 'सा. उ.' गिऱ्हाइकाचं पहिलं अक्षर आणि बाजू. गॅरेजात एका वेळी चार गाड्या उघडलेल्या असायच्या, अदलाबदल होऊ नये म्हणून मी हे करायचो.

सायली हसली. "शाळेच्या डब्यावर नाव टाकतात तसं! चहा आणते वरून. एकट्याने हात लावू नकोस हं."

"एकोणतीस वर्षं एकट्यानेच लावलेत."

"तेव्हा कंबर होती तुला!"

ती लिफ्टने वर गेली. मी थांबलो नाही. दुसऱ्या सेटचं सील फोडलं. पॅड कोरे करकरीत, शंका घ्यायला जागा नव्हती. डावीकडे बसवले, ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबून घेतला आणि चाक कुठे अडकत नाही ना हे पाहायला खाली बसून हाताने फिरवलं.

चाक फिरलं. मी हात काढून घेत होतो, तेवढ्यात ते आणखी जरासं पुढे सरकलं. माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं चाकाचा आरा आणि पॅड धरणारा ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, यांच्या फटीत आली... आणि चाक जाम झालं.

चाक एक इंच मागे फिरवलं की बोटं सुटली असती. फिरवलं. हललं नाही. मान वर करून पाहिलं तर हँडलवरचा लिव्हर पूर्ण आत दाबलेला होता. हँडलवर हात कुणाचाच नव्हता.

फोन टूलबॉक्सच्या पलीकडे, स्टुलावर. हाका मारल्या. वर पाण्याच्या पंपाचा आवाज चालू होता, त्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. पण मी मेकॅनिक. म्हटलं, लिव्हर अडकला असेल, दाब सोडू. डाव्या हाताने आठ नंबरचा पाना ओढला आणि कॅलिपरचं ब्लीडिंग निपल उघडलं. ब्रेक ऑइल माझ्या बाहीवरून कोपरापर्यंत वाहत आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — हे ऑइलच पॅडला डिस्कवर दाबून धरतं. निपल उघडलं की दाब जातो, चाक मोकळं होतं. दुसरा पर्यायच नाही.

चाक मोकळं झालं नाही.

तेव्हा मला नीलेश सावंत आठवला. खरं तर आठवला म्हणणं खोटं आहे. सकाळी पॅडचे खोके पाहिल्यापासून तो तिथेच होता.

नीलेश कल्याणचा, खडकपाड्याला राहायचा. माझं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचीही अशीच मोठी गाडी होती, पुढे दोन डिस्कवाली. बारा वर्षांपूर्वी त्याच्या गाडीच्या डाव्या शॉकअपचं सील फुटलं आणि तेल गळून डावीकडचे पॅड भिजले, उजवीकडचे तर पार पत्र्यापर्यंत झिजलेले. सील बदललं, पॅडचे दोन सेट मागवले. आला एकच. दुसऱ्याला दोन दिवस लागणार होते. नीलेशला दुसऱ्या दिवशी पालघरला बहिणीकडे जायचं होतं. मी काय केलं, तर उजवीकडे नवा सेट बसवला आणि डावीकडचे तेलकट पॅड बर्नरवर भाजून, पॉलिश पेपरवर उभे-आडवे घासून परत बसवले. आमच्या धंद्यात सगळे करतात. दिसायला नवे दिसतात. पण आत मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं, हे मला माहीत होतं.

"काका, दोन्ही बाजू झाल्या ना?" त्याने विचारलं होतं.

"बिनधास्त जा," मी म्हणालो. परत आला की दुसरा सेट गुपचूप बसवू, असा हिशेब.

घोडबंदर रोडला, गायमुखच्या उतारावर, पुढे टेम्पो थांबला. नीलेश थांबू शकला नाही.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील आणि बायको गॅरेजवर आले. वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. चार गिऱ्हाइकं उभी होती. अण्णांनी विचारलं, "ब्रेक ठीक होते ना हो?" मी हात पुसत म्हणालो, "एकदम ओके होते, अण्णा. स्पीड असणार. जास्त काय बोलू?" अण्णांनी मान खाली घातली. "मस्ती, दुसरं काय," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

तळघरात मला ते शब्द न शब्द आठवत होते. शेवटी मी कुजबुजलो, "नीलेश, चुकलं रे माझं." काही झालं नाही. परत म्हणालो, हात जोडता येत नव्हते म्हणून नुसतीच मान वाकवली. चाक तसंच घट्ट. बोटं बधिर व्हायला लागली.

लिफ्टचं दार वाजलं. सायलीच्या हातून थर्मास पडला. तिने चाक ओढलं, लिव्हर दोन्ही हातांनी बाहेर खेचून पाहिला. "आबा, हा वेल्ड केल्यासारखा झालाय! वॉचमनला बोलावते."

"थांब," मी म्हणालो. "आधी ऐक."

का म्हणालो, माहीत नाही. जमिनीवर बसून, हात अडकलेला ठेवून, मी सगळं सांगितलं. अण्णांना काय म्हणालो ते सांगताना मध्ये एकदा "सगळेच मेकॅनिक करतात गं" असंही म्हणालो. सायलीने लिव्हरवरचे हात काढून घेतले. तेव्हा म्हणालो, "डावीकडचे पॅड जुने होते. मी खोटं बोललो. त्याचा स्पीड नव्हता."

वर लिव्हर टक् करून बाहेर आला. चाक सैल झालं.

बोटांवर बर्फ लावायच्या आधी सायलीने विचारलं, "त्यांच्या बायकोला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

मग ती खाली बसली आणि माझ्या सांगण्याप्रमाणे तिने स्वतःच डावीकडचे पॅड काढले. अर्ध्या तासापूर्वी सील फोडून मी बसवलेले. त्यांच्यावर पॉलिश पेपरच्या उभ्या-आडव्या रेघा होत्या. मागे पत्र्यावर खरवडलेलं होतं. तिनेच मोठ्याने वाचलं, "नी. डा." आकार तिच्या गाडीच्या पॅडचा, अक्षर माझं. ती नीलेशला ओळखत नव्हती, तो गेला तेव्हा शाळेत होती.

दुसऱ्या दिवशी ते पॅड रुमालात बांधून आम्ही दोघं खडकपाड्याला गेलो. नीलेशच्या बायकोने, वहिनींनी, मला ओळखलं. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि रुमाल सोडला. त्यांनी एकेक पॅड उलटून पाहिला. "यावर तर काहीच नाही."

खरंच नव्हतं. रेघा नाहीत, अक्षर नाही. दुकानातून आत्ता आणल्यासारखे कोरे. सायलीने माझ्याकडे पाहिलं.

वहिनींनी पॅड परत रुमालावर ठेवले. मग म्हणाल्या, "काका, हे इतकं हळू चालवायचे की मागे बसून मला कंटाळा यायचा. रिक्षावाले ओव्हरटेक करून जायचे. बारा वर्षं मी विचार करतेय, त्याच दिवशी यांना काय झालं? अण्णांनी शेवटपर्यंत यांचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. मस्तीत गेला म्हणायचे."

मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या एकटीजवळ माफी मागून सुटू नका. चार लोकांत बोलला होतात ना? चार लोकांतच परत घ्या. नाव घालून."

म्हणून हे लिहिलंय. सायलीने नवे दोन सेट दुसऱ्या मेकॅनिककडून बसवून घेतले, आणि ते बरोबर केलं. ते कोरे पॅड वहिनींनी ठेवून घेतले. माझी दोन बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत, डॉक्टर म्हणतात वयामुळे. निपल उघडं असताना चाक कशाने धरून ठेवलं, याचं उत्तर मी तीन जुन्या मेकॅनिकना विचारलं. तिघंही म्हणाले, असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणालो असतो.

राहिलं ते एवढंच. नीलेश सावंत गाडी हळू चालवायचा. त्या दिवशीही हळूच चालवत होता. ब्रेक मी केले होते.